वंशावळ मांडू या: खानदेशातल्या घरासाठी पहिली कृती

आजोबांचं नाव पाठ आहे, पणजोबांचं बहुतेक आठवतं आणि त्यामागे काहीच माहीत नाही, अशी तुमची स्थिती असेल तर अगदी उत्तम. जळगाव-धुळ्याकडची बहुतेक मंडळी इथूनच सुरुवात करतात. टेबल मोकळं करा, मी शेजारी आहेच.

क्रमाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. आधी घर, मग माणसं आणि सरकारी कागद सगळ्यांत शेवटी. तहसीलमधलं रजिस्टर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण नव्वदीतल्या आत्याबाईंकडे याच महिन्यात जायचं आहे.

साहित्य: दोनशेपानी वही, पेन्सिल, खोडरबर, निळं पेन, मोबाईल आणि शेवटी लागेल तो एक मोठा चार्टपेपर.

१. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहा. सावध: जन्मगाव म्हणजे तुमचं गाव असेलच असं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे घरातल्या थोरल्याची जन्मनोंद बहुधा आजोळच्या गावात निघते.

२. पुढच्या पानांवर आईवडील, चार आजी-आजोबा आणि आठ पणजी-पणजोबा यांच्यासाठी एकेक पान राखा. माहिती नसेल तर पान कोरं ठेवा, पण राखाच. कोरं पान दिसलं की विचारायची आठवण राहते.

३. प्रत्येक बाईच्या पानावर तिचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव यांसाठी तीन ओळी आखा. हे विसरू नका, कारण लग्नात नावही बदललेलं असतं. सासरच्या नावाने तिला माहेरच्या गावात शोधायला गेलात तर ती सापडणार नाही.

४. आता प्रत्येक माणसाच्या हाकेचं नाव कागदावरच्या नावाशेजारी लिहा. आपल्याकडे ही पायरी फार मोलाची आहे. घरोघरी जिभाऊ, आबा, नाना, आप्पा, अण्णा, बापू असतात; सगळा गाव त्यांना त्याच नावाने ओळखतो आणि कागदावर भलतंच नाव असतं. “नाना पाटील” एवढ्यावर कोणतंही कार्यालय काही शोधून देऊ शकणार नाही.

५. एक नियम आत्ताच ठरवा: ऐकलेलं पेन्सिलने, कागदावर डोळ्यांनी पाहिलेलं पेनाने. शेजारी कोणी सांगितलं किंवा कुठल्या कागदावर दिसलं तेही दोन शब्दांत लिहा. हा नियम मोडलात तर सहा महिन्यांनी खरं कोणतं आणि अंदाज कोणता हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

६. घरातली जुनी ट्रंक, कपाटाचा वरचा कप्पा आणि देव्हाऱ्यामागची पिशवी खाली काढा. शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डं, खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीची पासबुकं, पेन्शनचे कागद, लग्नपत्रिका सगळं हवं आहे. भुसावळकडच्या रेल्वेच्या घरांनी नोकरीचे कागद आधी शोधावेत. नेमणुकीच्या आणि निवृत्तीच्या कागदांवर जन्मतारीख आणि वारसाचं नाव मिळण्याची शक्यता मोठी. सावध: आईवडिलांच्या परवानगीशिवाय एकही कागद घराबाहेर नेऊ नका.

७. लग्नपत्रिका वेगळ्या काढून नीट वाचा. निमंत्रकांची यादी म्हणजे त्या वर्षीची भाऊबंदकी, बहुतेक वेळा वयाच्या क्रमाने. नावाखाली “ह. मु. सुरत” किंवा “ह. मु. कल्याण” असं असेल तर ती शाखा कधी आणि कुठे गेली हेही कळलं. पत्रिकेवर तारीख, वार आणि तिथी असेल, पण साल नसेल, तर तिथी पाहून जुन्या पंचांगावरून साल काढता येतं. अंदाजाने लिहू नका.

८. आता माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली घ्या आणि काठावर बोट फिरवा. हंडा, कळशी, परात, घंगाळ यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, बऱ्याचदा गाव आणि तारीखही. आंदणातल्या एका कळशीवर पणजीच्या भावाचं नाव मिळालं की तिचं माहेर मिळालं. अक्षरं पुसट असतील तर खिडकीशी नेऊन भांडं तिरकं धरा. चिंच लावून घासू नका, उरलेली अक्षरंही जातील.

९. मिळालेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. जुन्या फोटोंची मागची बाजूही काढा, नावं तिकडेच लिहिलेली असतात. सावध: फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि चिकटून बसलेला फोटो ओढून काढू नका.

१०. घराण्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला फोन करून भेटीचा दिवस ठरवा. हो, बाईलाच. पुरुषमंडळी शेत कुणी घेतलं आणि कुणी विकलं ते सांगतात. कोण कुणाची मुलगी, कुणाला किती लेकरं झाली, कोणतं जगलं नाही, दुसरं लग्न कुणाचं झालं हे बायकांना पाठ असतं. दिवस निवडताना आखाजी साधता आली तर सोनं. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि पितरांची घागर भरताना नावं घरात आपसूक निघतात. पण आखाजी लांब असेल तर तिची वाट पाहत बसू नका.

११. बसल्याबरोबर पहिलं वाक्य हे बोला: “जमिनीचं काही नाही, फक्त नावं लिहून ठेवायची आहेत.” वही उघडायच्या आधी बोला. वंशावळ म्हटलं की हिस्सा, वाटणी, कोर्ट हेच डोळ्यांसमोर येतं आणि तोंडं मिटतात.

१२. विचारून, परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा. मोबाईल उशाशी नको, समोर स्टुलावर ठेवा, आणि पंखा थोडा कमी करा.

१३. प्रश्न घरच्या बोलीत विचारा. अहिराणी घरात “आपल्या पिताश्रींचे नाव?” असं विचारलंत तर उत्तरही तसंच ताठ येईल. “मोठी माय, तुना बापनं नाव काय व्हतं? तू लगीन हुईसन उनी तवय घरमा कोन कोन व्हतं?” असं विचारा आणि गप्प बसा. यावल-रावेरकडे लेवा गणबोली असेल, जामनेरकडे तावडी असेल, तर त्या बोलीत. मधे बोलून दुरुस्ती करू नका. दोन बहिणींनी एकाच गोष्टीची दोन उत्तरं दिली तर दोन्ही लिहा.

१४. सालं थेट विचारू नका, घटनांना बांधून विचारा. “बहात्तरच्या दुष्काळात बाबा कितवीत होते?” याला उत्तर येतं, “बाबांचा जन्म कधीचा?” याला बहुधा येत नाही. मागच्या पिढीसाठी हे खुंटे वापरा: नंदुरबारला शिरीषकुमार गोळीबारात गेला ते ९ सप्टेंबर १९४२, फैजपूरची काँग्रेस डिसेंबर १९३६, मानमोडीची साथ १९१८, छप्पन्याचा दुष्काळ संवत १९५६चा, म्हणजे इसवी १८९९-१९००. “फैजपूरच्या वेळी आमचे अण्णा बैलगाडी हाकत गेले होते” असं वाक्य मिळालं की अण्णा तेव्हा निदान पंधरा-सोळाचे होते एवढं पेन्सिलने लिहायला हरकत नाही.

१५. त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकून नावं वहीत उतरवा. उद्यावर टाकू नका. कोणता “आबा” कोणाचा, हे उद्या रेकॉर्डिंगमधूनही कळत नाही.

१६. आता “पाटील”च्या मागचं आडनाव शोधा. खानदेशात नुसत्या पाटील या आडनावाने शोध पुढे सरकत नाही, एकेका गावात निम्मी घरं पाटलांची असतात. घरात विचारा: सोयरीक जमवताना कोणतं कूळ सांगतात? सूर्यवंशी, देवरे, बोरसे, निकम, साळुंखे, नेमाडे, भोळे, बोरोले असं काही पुढे येईल. जुन्या कागदांत कधी हे आडनाव असतं, कधी पाटील, कधी दोन्ही नसतात. तिन्ही शक्यता वहीत लिहून ठेवा.

१७. कुलदेवीचं ठाणं कोणतं ते लिहा: म्हसदीची धनदाई, धुळ्याची एकवीरा, आडगावची मनुदेवी, पाटणादेवी, वणीची सप्तशृंगी. एकच कुलदेवी म्हणजे एकच घराणं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. भाऊबंदकी नक्की कोणाकोणाशी आहे हे पाहायचं तर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा गावी जा. रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात आणि तो रोट भाऊबंदांतच खातात. कोण खातं आणि कोणाला दिला जात नाही, एवढं पाहिलं तरी घराण्याची हद्द कळते.

१८. मूळ गावाचा पूर्ण पत्ता जुना आणि नवा असा दोन्ही लिहा. १९०६ ते १९६० च्या कागदांवर जळगाव जिल्हा “पूर्व खानदेश” आणि धुळे जिल्हा “पश्चिम खानदेश” म्हणून येतो. १९०६ च्या आधी नुसतं “खानदेश”. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, म्हणून शहादा, तळोदा, नवापूरकडच्या घरांचे त्याआधीचे जिल्ह्याचे कागद धुळ्यात असू शकतात. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद आहे. बोदवड आणि धरणगाव हे तालुके अलीकडचे, त्यांची जुनी गावं शेजारच्या तालुक्यांत शोधा. सावध: पिंप्री, वडगाव, सावखेडा नावाची गावं एकाहून अधिक आहेत. नावापुढचं बु., खु. किंवा “प्र.” सोडू नका, “प्र.” म्हणजे प्रगणे आणि त्यापुढचं अक्षर तुमचं गाव वेगळं ओळखायला मदत करतं.

१९. आजोबांच्या प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, कधी शाळेत आले, कधी सोडली हे मिळतं. शाळा सुरू होण्याच्या घाईच्या दिवसांत जाऊ नका. आणि जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. नाव घालताना गुरुजींनी ती बसवलेली असण्याची शक्यता दाट असते.

२०. जमीन असेल तर आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक वहीत उतरवा. जमीन नसेल तर ही आणि पुढच्या दोन पायऱ्या सोडून थेट तेविसावर या, काही बिघडत नाही. वतनी जमीन होती असं घरात बोललं जात असेल तर मात्र सोडू नका. इनामाच्या आणि वतनाच्या नोंदींत वतनदारांची नावं येतात.

२१. ते क्रमांक घेऊन एकेक फेरफार मागे मागे काढत जा. भूमी अभिलेख विभागाच्या “आपले अभिलेख” या संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन केलेले आहेत. तुमचा तालुका आणि गाव तिथल्या यादीत दिसलं तर घरबसल्या काम होईल. नाही दिसलं तर तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. उलटा क्रम घेऊ नका. १९३० पासून पुढे येऊ लागलात तर कुठल्या शाखेमागे निघालात हेच कळणार नाही.

२२. वारसाचा फेरफार मिळाला की इथे थांबून शब्द न् शब्द वाचा. “अमुक मयत झाले, त्यांचे वारस…” या ओळीत एक पूर्ण पिढी असते: मुलगे, मुली, विधवा. जुन्या वारसनोंदींत मुलींची नावं कमी येतात, म्हणून यादीत नाही म्हणजे मुलगी झालीच नाही असं समजू नका. खुणाही ओळखून घ्या. “वल्द” किंवा “बिन” म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणजे “रामा वल्द शिवा” यात शिवा हा बाप. “भ्र.” म्हणजे भ्रतार, पुढे नवऱ्याचं नाव. “ए. कु. मॅ.” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची, तेव्हा बाकीचे भाऊ शोधायचे आहेत. “अ. पा. क.” म्हणजे अज्ञान पालनकर्ता: आधीचं नाव लहान मुलाचं, नंतरचं त्याला सांभाळणाऱ्याचं. हे शेवटचं मला सगळ्यांत आवडतं, कारण एका फेरफारातून त्या मुलाचा जन्म कोणत्या सालानंतरचा हे कळतं आणि बाप तेव्हा बहुधा हयात नव्हता हेही कळतं.

२३. आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकासाठी अर्ज द्या. गाव नमुना १४ म्हणतात तो हाच. जुन्या जन्ममृत्यूंची गाववार नोंद त्यात असते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. अर्जात गाव, नाव आणि पाच वर्षांचा टप्पा लिहा. “१९०० ते १९५० सगळं दाखवा” असं मागितलंत तर अर्ज बाजूला पडेल. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही रजिस्टरं मोठ्या प्रमाणावर उघडली आणि स्कॅन झाली, तेव्हा तुमच्या गावाच्या प्रती आधीच तयार आहेत का, हे खिडकीवर विचारा.

२४. रजिस्टर हातात आलं की बापाच्या नावाने शोधा, मुलाच्या नाही. नोंद बारशाच्या आधीची असते, म्हणून मुलाच्या जागी बऱ्याचदा नुसतं “मुलगा” किंवा “मुलगी” असतं. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारणही सापडतं. पानं ठिसूळ असतात. बोटाला थुंकी लावून उलटू नका, खालून तळहात देऊन उलटा. फोटो काढायला परवानगी नसेल तर नक्कल मागा.

२५. मोडीतली पानं स्वतः ताणून वाचू नका, फोटो किंवा नक्कल घेऊन जाणकाराकडे जा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, अक्षरं एकमेकांत जातात आणि अर्ध्या माहितीवर नथूचा रघू व्हायला वेळ लागत नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे आणि मोडी कागदांचा मोठा संग्रह सांभाळून आहे. मोडी वाचणाऱ्यांची चौकशी तिथे करा. काम देण्याआधी पानामागे किती घेणार ते विचारून घ्या.

२६. कागदावरची सालं इसवीत बदलून घ्या. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८४० म्हणजे १९१८. संवत असेल तर ५७ वजा करा: संवत १९७५ म्हणजे १९१८. गुजर आणि मारवाडी घरांच्या वह्यांत संवत असतं. वर्षाच्या टोकाचे महिने असतील तर एका सालाचा फरक पडतो, म्हणून मूळ सालही शेजारी राहू द्या.

२७. इथवरची नावं घेऊन नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. कुणाच्या अस्थी किंवा श्राद्धासाठी घरातलं कोणी गेलं असेल तर गुरुजींच्या वहीत त्या दिवशी लिहिलेली नावं असतील: आलेला माणूस, त्याचे भाऊ, मुलं, बाप, आजा. कधी खापरपणजोबांची स्वतःच्या हातची सही किंवा अंगठा समोर येतो. गुरुजी गाव आणि आडनाव यावरून वही काढतात, म्हणून अठरावी पायरी झाल्याशिवाय निघू नका. दक्षिणा आधी बोलून घ्या आणि तुमच्या घरातली नवी नावंही वहीत लिहून या.

२८. तुमच्या समाजात भाट वही घेऊन येत असतील तर त्यांचा मुक्काम गावात पडतो तेव्हा हजर राहा. नावं लिहून घ्या, पेन्सिलनेच. राजघराण्याशी जोडणारा वरचा भाग वेगळ्या पानावर ठेवा; कागदाला कागद जुळेल तेवढंच वंशावळीत येईल.

२९. चार्टपेपर पसरून सगळ्यांत जुनं पक्कं नाव वर लिहा आणि खाली पिढ्या उतरवत या. लेकींना आणि सुनांनाही जागा द्या, माहेरच्या गावासकट. लहानपणी गेलेल्या मुलांची नावंही घ्या. पुढच्या भावंडाला तेच नाव ठेवलेलं असतं आणि दोन माणसांचा एक माणूस होतो.

३०. बाप आणि मुलगा यांच्या वयातला फरक प्रत्येक जोडीत तपासा. बारा वर्षं किंवा पासष्ट वर्षं आली तर बहुधा मधली एक पिढी गळली आहे, किंवा आजोबांचं नाव ठेवलेला नातू आजोबांच्या जागी बसला आहे. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे हे फार होतं.

३१. चार्टचा फोटो काढून तो आधी त्या वयस्कर बाईंना वाचून दाखवा. त्या “असं नाही रे” म्हणाल्या की ती जागा पुन्हा पेन्सिलने करा.

३२. दुरुस्त प्रती छापून प्रत्येक शाखेच्या एका घरात द्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जमिनीचे गट नंबर त्या प्रतींतून वगळा आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चार्ट टाकू नका. लग्नाच्या, कर्जाच्या आणि फसवणुकीच्या फोनना तेवढी माहिती पुरते. प्रतीच्या तळाशी तारीख आणि कोऱ्या जागा कोणत्या ते लिहा. सुरतेच्या किंवा कल्याणच्या शाखेकडे त्यातलं एखादं नाव सापडेल.